रंगवलेली ताजबी

शहरबानूला रंगाचं काम तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. तय्यब मूळचे श्रीवर्धनचे, पण आयुष्य गेलं मुंबईत, ग्रँट रोडच्या एका स्टुडिओत काळे-पांढरे फोटो हाताने रंगवण्यात. मुलगा नव्हता, म्हणून की मुलीचा हात स्थिर होता म्हणून, त्यांनी तिला दहाव्या वर्षी शेजारी बसवलं. गालावर रंग कसा फिरवायचा, साडीचा काठ ओला असताना कसा ओढायचा, डोळ्याच्या पांढऱ्याला कधीच हात का लावायचा नाही, हे सगळं तिला लग्नाआधी येत होतं. फोटोवाल्या मुनीरने तिला मागणी घातली त्यात या हाताचाही वाटा होता, आणि ते त्याने कधी लपवलं नाही.

मुनीर दुबईला गेला तेव्हा तिथे फोटोवाले मोजकेच होते. बर दुबईत, खाडीपासून दोन गल्ल्या आत त्याने दुकान घेतलं. पुढे कॅमेरा आणि पडदा, मागे त्यांच्या दोन खोल्या. १९६४ साली शहरबानू बोटीने आली. कोकणातल्या बायका तेव्हा तिथे बोटांवर मोजण्याइतक्या. मुनीरचा धंदा मुख्यतः पासपोर्टच्या फोटोंचा. रोज गोदीतले, बांधकामावरचे लोक येत, केसांना पाणी लावून स्टुलावर ताठ बसत. रंगवायला फारसं काही नसे. कुणी गावी बायकोला फोटो पाठवायचा असला की म्हणे, शर्ट निळा करा.

पुढच्या वर्षीच्या थंडीत हॅलम साहेब दुकानात आला. एका बोट कंपनीचा तो एजंट होता, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्याने फडक्यात गुंडाळलेला एक जाडजूड अल्बम काउंटरवर ठेवला. पुठ्ठा काळा, लाखेचा, त्यावर शिंपल्याचे तुकडे बसवून केलेले पक्षी. आत जपानचे फोटो, पाऊणशे वर्षांपूर्वीचे, हाताने रंगवलेले. त्याच्या आजोबांनी योकोहामा बंदरात उतरल्यावर विकत घेतले होते. इथल्या दमट हवेने चार पानांचे रंग उडाले होते, दोन ठिकाणी कसर लागली होती.

"हे पुन्हा रंगवता येतील?" त्याने हिंदीत विचारलं.

"माझ्या घरात रंगवणारं माणूस आहे," मुनीर म्हणाला. कोण, ते सांगितलं नाही.

शहरबानूने तो अल्बम उघडला आणि दुपारचं जेवण विसरली. कागद इतका पातळ की पलीकडे बोट दिसावं. एकेका छत्रीवर वीस-वीस पाकळ्या, आणि एकही रंग रेषेबाहेर गेलेला नाही. कुणीतरी एका केसाच्या कुंचल्याने हे केलं असणार. वडील असते तर त्यांनी हे पाहून चष्मा काढून ठेवला असता.

तीन आठवडे ती त्या चार पानांवर बसली. इतकं जवळून पाहिलं की माणसाला नको तेही दिसायला लागतं. एका फोटोत वाऱ्यात चाललेली बाई होती, तिचा झगा उडत होता. बानूने भिंग लावलं तर झग्याच्या टोकाला बारीक दोरा बांधलेला, वर ओढून धरलेला. दुसऱ्यात पाऊस होता. तो निगेटिव्हवर सुईने ओरखडलेला. मग तिच्या लक्षात आलं की वाऱ्यातली बाई, चहाची पानं खुडणारी, नवरी, आणि वैद्याला नाडी दाखवणारी आजारी बाई, या चौघी एकच आहेत. डाव्या हाताची करंगळी प्रत्येक ठिकाणी तशीच वाकडी.

तिने मुनीरला दाखवलं. "बघा. एकाच बाईला सगळं केलंय. नवरी पण तीच, आजारी पण तीच."

"मग?" मुनीर हसला. "गोरा बोटीतून उतरणार, त्याला जपान पाहिजे. त्याला जपान दिलं. फोटोवाला शहाणा होता."

"तिला माहीत असेल का, कुठे कुठे गेली ती?"

"ती मरून किती वर्षं झाली असतील, बानू. तू रंग दे."

हॅलम साहेबाला काम इतकं आवडलं की तो दोनदा येऊन पाहून गेला. दुसऱ्या खेपेला त्याने मुनीरला बसवून सांगितलं की बोटीतले प्रवासी इथे अर्धा दिवस उतरतात, आणि न्यायला काहीच नसतं. छापील रंगीत कार्डं सगळीकडे मिळतात. पण असं, हाताने रंगवलेलं, जुन्या धाटणीचं काही असेल तर तो स्वतः बोटींवर विकायला ठेवेल.

मुनीर त्या दिवसापासून बदलला. पासपोर्टचे फोटो काढताना त्याचं लक्ष नसे. तो खाडीवर जाऊन अब्रावाल्यांचे, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होडीवाल्यांचे, फोटो काढून आणी. बहिरी ससाणा हातावर घेतलेला म्हातारा, कॉफीवाला, मोती तोलणारा व्यापारी. बानू रंगवी. खाडीचं पाणी कसं हिरवट निळं, संध्याकाळी भिंती कशा केशरी होतात, हे तिला रंगवायला आवडत होतं. पहिली पन्नास चित्रं एका महिन्यात गेली.

मग हॅलम साहेब म्हणाला, बाईचं चित्र हवं. प्रवासी तेच मागतात.

तिथल्या घरातली एकही बाई कॅमेऱ्यासमोर बसणार नाही, हे मुनीरला ठाऊक होतं. तीन-चार आठवडे तो गप्प होता. एका सकाळी त्याने बानूसमोर चार फोटो ठेवले.

बाई जाजमावर बसलेली. डोक्यावरचा पदर मागे सरकवलेला, केस मोकळे. एकात मान वळवून बघतेय, एकात हनुवटी तळहातावर. चेहरा सुंदर होता आणि जरा घाबरलेला, आणि तो घाबरा भाव लाजण्यासारखा दिसत होता.

"ही ताजबी खाला," बानू म्हणाली.

ताजबी बाणकोटची. नवरा लाँचवर होता, चार वर्षांपूर्वी वादळात गेला. ती परत गेली नाही. गोदीतल्या पंधरा-वीस कोकणी माणसांना ती दोन वेळ मासे-भात रांधून घाली. वय छत्तीस-सदतीस. मुलगी सुरैय्या गावी दिराकडे. सगळी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत आणि तिच्यासमोर आवाज खाली ठेवत.

"तिला विचारलंय?"

"सांगितलंय सगळं. ती तयार झाली," मुनीर म्हणाला आणि लगेच कामाचं बोलू लागला. "आता असं कर. गळ्यात सोन्याची माळ घाल. नाकात मोठी नथणी. डोळ्यांत सुरमा, ओठ लाल. आणि हा ब्लाउजचा हात आहे ना, मनगटापर्यंतचा, तो काढून टाक."

"काढून टाक म्हणजे?"

"अंगाचा रंग दे त्याला. उघडा दंड दिसेल. तुला जमतं."

तिला जमत होतं. पांढऱ्या सुती बाहीवर गव्हाळ रंगाचे तीन पातळ हात दिले, कोपराला सावली दिली, की बाही गेली. बानूचा हात पहिल्या फोटोवर दोनदा थांबला. ताजबी अशासाठी हो म्हणेल हे तिला खरं वाटत नव्हतं. पण तिने जाऊन विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर नाही असं आलं, तर पुढे काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. तिने चाळीस प्रती रंगवल्या. हॅलम साहेबाने प्रत्येकीखाली इंग्रजीत ओळ छापली. मुनीरने अर्थ सांगितला: समुद्री चाच्यांच्या किनाऱ्यावरची सुंदरी.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ताजबी स्वतः आली. मागच्या दाराने, हातात झाकलेली थाळी.

"बानू बेटा, मुनीरला जरा आठवण दे. माझा पासपोर्टचा फोटो अजून नाही मिळाला. सुरैय्याचं लग्न ठरलंय, रज्जबच्या महिन्यात. माझ्या पासपोर्टाची मुदत संपलीय, नवा कधी होणार आणि मी बोटीत कधी बसणार."

बानूच्या मागे दोरीवर सहा फोटो वाळत होते. ती उठली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली.

"फोटो काढला ना तुमचा?"

"तीनदा काढला. आधी म्हणाला मशीन बिघडली. मग म्हणाला नवीन कायदा आलाय, बाईचे केस दिसले पाहिजेत, बसलेली पण दिसली पाहिजे, कुणी वेष बदलून जाऊ नये म्हणून. मला लाज वाटली गं. पण म्हटलं, मुनीर आपला माणूस. कायदा आहे तर काय करणार."

बानू दोरीसमोरून हलली नाही. ती म्हणाली, "सांगते त्यांना."

"इन्शाल्ला लवकर कर म्हणावं," ताजबी म्हणाली आणि थाळी ठेवून गेली. थाळीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. बानूने ती मुनीरला वाढली, स्वतः खाल्ली नाही.

जेवताना तिने विचारलं, "तुम्ही तिला कायद्याचं काय सांगितलंत?"

मुनीरचा घास थांबला. "नाहीतर ती बसली असती का?"

"मला म्हणालात, तयार झाली."

"हे फोटो विलायतेला जातात, बानू. लंडनमध्ये कुणाच्या तरी कपाटात पडतील. तिथे ताजबीला कोण ओळखतं? तिचं काय गेलं? तिला पासपोर्टचे फोटो फुकट देणार आहे मी, खलास." तो चिडला नव्हता. त्याला ते खरंच पटलेलं होतं. "त्या जपानी बाईचं काय गेलं?"

बानूने दोरीवरचे सहा फोटो उतरवून पेटीत ठेवले आणि आणखी रंगवणार नाही म्हणाली. मुनीर बरं म्हणाला. चाळीस गेलेच होते.

पण बोट आधी मुंबईला जाते हे मुनीरच्या ध्यानात आलं नव्हतं, की बोटीवर कोण कामाला असतं तेही. सलूनमध्ये वाढपी होता अन्वर, बाणकोटचाच. एका मडमेने चित्र टेबलावर ठेवलं होतं, त्याने सूप वाढता वाढता पाहिलं. पुढे काय झालं ते बानूला एका पत्रातून कळलं, आणि ते पत्र तिला स्वतःलाच वाचावं लागलं.

ताजबीला लिहिता-वाचता येत नसे. गावचं पत्र आलं की ती बानूकडे आणी. त्या दिवशी ती हसत आली, लग्नाचं काहीतरी असणार म्हणून. बानूने पाकीट फोडलं. दीर इद्रीस, शाळेतला मास्तर, त्याचं वळणदार मराठी अक्षर.

बानूने आधी मनात वाचलं.

"काय लिहिलंय?" ताजबीने विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. पत्र तिच्याच हातात होतं.

"खाला, लिहिलंय की..." तिने सुरुवात केली, मग कागदावर नजर ठेवून जसं होतं तसं वाचलं. "अन्वरने आपल्या डोळ्यांनी तुमचा फोटो पाहिला आहे. उघड्या दंडाने, मोकळ्या केसांनी, अंगावर दागिने घालून, गोऱ्या लोकांसाठी काढलेला. त्याने एक प्रत आणून दाखवली. भाऊ असता तर त्याने काय केलं असतं हे मी लिहीत नाही. जहांआराबाई, नवऱ्या मुलाची आई, त्यांच्याही कानावर गेलं आहे. त्या लग्न मोडायला निघाल्या होत्या, मी पाय धरले. तुम्ही लग्नाला येऊ नये. सुरैय्याने सगळं ऐकलं आहे. ती काही बोलत नाही."

ताजबीने आपल्या ब्लाउजची बाही मनगटापर्यंत ओढली. "उघडा दंड?" ती म्हणाली. "माझा? मी तर पूर्ण हाताच्या ब्लाउजशिवाय..."

"तुमचा नाही. मी रंगवला."

मग बानूने सगळं सांगितलं. मुनीरचं, हॅलम साहेबाचं, माळेचं, नथणीचं. आणि हेही सांगितलं की तुम्ही थाळी घेऊन आलात तेव्हा ते फोटो माझ्या पाठीमागे होते.

ताजबी म्हणाली, "दाखव."

बानूने पेटी उघडून दिली. ताजबीने फोटो हातात धरला, दूर नेला, जवळ आणला. बोटाने दंडावरून फिरवलं, जणू खालची बाही लागेल.

"त्या दिवशी दारात मी एवढी समोर उभी होते, बानू. तेव्हा बोलली असतीस तर मी चिडले असते, दोन दिवस रडले असते. पण पत्र लिहवून घेतलं असतं तुझ्याकडून. सुरैय्याला आधी माझ्याकडून कळलं असतं."

बानूने पेटीतले बाकीचे फोटोही काढून तिच्यापुढे ठेवले.

मुनीर दुकानातून आत आला तेव्हा दोघी तशाच बसलेल्या होत्या. पत्र जमिनीवर होतं. त्याने उचललं, वाचलं, आणि तो भिंतीला टेकला.

"खाला, मला वाटलं नव्हतं की..."

"माझा पासपोर्टचा फोटो काढ," ताजबी म्हणाली. "आत्ता. बानू समोर उभी राहील."

त्याने काढला. ताजबी पदर कपाळापर्यंत ओढून बसली, चेहरा उघडा, आणि कॅमेऱ्याकडे अशी पाहत राहिली की मुनीरने मान खाली घातली. मग बानूने चारही निगेटिव्ह आणून ताजबीच्या हातात दिल्या. ताजबीने त्या आणि पेटीतले सगळे फोटो घरी नेऊन चुलीत घातले.

मुनीर हॅलम साहेबाकडे जाऊन उरलेले अकरा फोटो घेऊन आला. एकोणतीस गेले होते, कुणाकडे ते साहेबालाही माहीत नव्हतं. "मला वाटलं त्या बाईला कल्पना आहे," साहेब म्हणाला म्हणे.

"तुम्ही पत्र लिहून द्या," बानूने मुनीरला सांगितलं. "इद्रीस मास्तरांना. तुमच्या सहीने."

"लिहून दिलं तर ते पत्र गावभर फिरेल. इथे एक कोकणी माणूस दुकानात पाय ठेवणार नाही. उद्या काय खायचं?"

"मग मी जाते खालाबरोबर."

त्याला वाटलं ती रागाने बोलतेय. पासपोर्ट हातात आला त्या आठवड्यात तिने खरंच ट्रंक भरली. कपड्यांमध्ये तिने रंगाच्या बाटल्या आणि कुंचले ठेवले. मुनीर बोटीपर्यंत पोचवायला आला. ताजबीची वळकटी त्याने खांद्यावर घेतली, तिने घेऊ दिली, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

बाणकोटला पोचल्या तेव्हा लग्नाला पाच दिवस होते. इद्रीस मास्तरांनी दार उघडलं आणि दारातच उभे राहिले. बानू पुढे झाली, नाव सांगितलं, कुणाची मुलगी ते सांगितलं. श्रीवर्धनच्या तय्यबचं नाव त्यांना माहीत होतं, म्हणून आत घेतलं. निरोप जाऊन जहांआराबाई आल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात जपाची तसबीह. सुरैय्या आतल्या दाराच्या आड उभी होती.

बानूने घडलं ते सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं.

"बाई, तू चांगल्या घरची दिसतेस. मैत्रिणीसाठी बोलतेयस ते कळतं," ते म्हणाले. "पण मी फोटो पाहिलाय. माणूस खोटं बोलेल. कॅमेरा कसा बोलेल?"

त्यांनी कपाटातून फोटो काढून जाजमावर टाकला. उपडा.

बानूने भिंतीकडे पाहिलं. तिथे मास्तरांचाच फोटो होता, शाळेच्या समारंभातला, पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, काळी टोपी, छाती पुढे.

"हा मला द्याल? खराब होईल."

"कशाला?"

"तुम्ही समोर बसा आणि बघा फक्त."

तिने फ्रेममधून फोटो काढला, बशीत पाणी घेतलं. सदऱ्याच्या पांढऱ्यावर तिने गव्हाळ रंग पसरला, बोटाने कडा मऊ केल्या. दुसरा हात. छातीच्या मध्ये सावली, बरगड्यांना हलकी रेघ. बाह्या गेल्या, मग सदरा गेला. पाऊण तासात मास्तर कमरेपर्यंत उघडे बसले होते, डोळ्यांत सुरमा, ओठ पान खाल्ल्यासारखे लाल, गळ्यात मोत्यांचा सर. चेहरा तोच, समारंभातला, मानी.

तिने फोटो त्यांच्या हातात दिला.

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी फोटो उलटा केला, पुन्हा सुलटा केला. जहांआराबाईंनी हात पुढे केला, त्यांना तो द्यावा लागला. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं, मग जाजमावरचा ताजबीचा फोटो उचलून शेजारी धरला.

"हा तुम्ही शाळेतल्या पोरांना दाखवाल, मास्तर?" त्यांनी विचारलं.

"अस्तगफिरुल्ला. तोबा, तोबा."

"आणि कुणी दाखवला तर?"

जहांआराबाई ताजबीकडे वळल्या. "तुझं चुकलं असतं तरी मुलीचं काही चुकलं नव्हतं. मी घाईने बोलले. लग्न होईल आणि तू समोर बसशील." मग बानूकडे बघून म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. अल्लाने दिलाय. असल्या कामाला कशी लागलीस?"

"नवऱ्याने सांगितलं," बानू म्हणाली. मग म्हणाली, "नाही. मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही."

सुरैय्या दाराआडून पुढे आली आणि आईच्या शेजारी बसली. अंगाला अंग लागलं नाही, पण बसली.

लग्न ठरल्या दिवशी झालं. ताजबी समोर बसली, मेंदी तिनेच लावली, जेवणावळीत वाढलं. गावातल्या काही बायका तिच्याशी बोलल्या, काहींनी फक्त मान हलवली. अन्वरने इतक्या घरी सांगितलं होतं की प्रत्येक घरी जाऊन मास्तरांचा फोटो दाखवणं शक्य नव्हतं, आणि मास्तरांनी तो तसाही जाळून टाकला होता.

निकाहनंतर महाडचा फोटोवाला तिपाई लावून उभा राहिला. नवरा-नवरी बसले, जहांआराबाई बसल्या, मास्तर मागे उभे राहिले. नवरीच्या डाव्या बाजूला एक खुर्ची रिकामी होती. "आईला बोलवा," फोटोवाला म्हणाला.

ताजबी स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत भांडी घासत बसली होती. बानू बोलवायला गेली.

"मी नाही येत."

"खाला, सुरैय्या थांबलीय. तिनेच पाठवलं मला."

"तिला सांग, मी इथे आहे. फोटोनंतर मी तिला जेवू घालते."

"कुणी काही करणार नाही या फोटोला. मी उभी राहते तिथे."

ताजबीने पातेल्यातली राख धुवून टाकली. "तू उभी राहशील, मला माहीत आहे. पण त्या एकोणतीसांतला एकच इथे सापडला, बाकीचे कुठे कुठे आहेत ते तुला सांगता येतं का?"

बानूने मान हलवली, नाही.

"मग राहू दे," ताजबी म्हणाली आणि पुढचं भांडं ओढलं.

बाहेरून फोटोवाल्याचा आवाज आला, हलू नका. बानू परत गेली नाही. तिने पदर खोचला, पडवीत ताजबीसमोर बसली आणि घासलेली भांडी एकेक करून विसळायला लागली.